परत न आलेला राजीनामा

नाना, मी तुमच्यावर चिडलेली आहे. हे तोंडावर ऐकून घ्यायला तुम्ही जागेवर नाही, याचाही राग त्यातच धरा. तुम्हांला जाऊन वीसेक वर्षं झाली, तुमच्यामागून आईही गेली, मी स्वतः अंबडच्या कंपनीतून रिटायर होऊन घरी बसले, तरी आपलं भांडण काही मिटत नाही. मागच्या महिन्यात तुमचा पुतण्या आला होता. चहा झाला, बिस्किटं झाली, पिकापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मग स्वारी हळूच मुद्द्यावर आली. "अक्का, नानांचा एखादा चांगला फोटो दे ना. बोर्डिंगच्या हॉलात लावायचा हाय. मोठा करून, फ्रेम करून." मी विचारलं, कुणी ठरवलं हे? तर म्हणाला, "अध्यक्षांनी. ते म्हणले, सरांचं लय योगदान हाय." योगदान म्हणे! ज्या बोर्डिंगात तुमच्या पोटच्या मुलीला सभासद होता येत नाही, तिथल्या भिंतीवर तुम्ही कोट घालून हसत राहणार आणि येणारे-जाणारे हार घालणार. मी सांगितलं, फोटो मिळणार नाही. तो म्हणाला, "असं काय करती, मानाची गोष्ट हाय." मी म्हटलं, मान तुझ्याजवळ ठेव आणि चहाचा कप तेवढा बेसिनमध्ये ठेवून जा. गेला बिचारा. त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता, चिडायचं होतं ते तुमच्यावर.

हल्ली कुणालाही बोर्डिंग म्हटलं की इंग्रजी शाळा वाटते, मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. की बाबांनो, नाशिक रोडला मुलांनी शिकायला राहायचं कुठे, म्हणून आमच्या भागातल्या पाच-सहा गावांनी मिळून वसतिगृह बांधलं. कुणी दगड दिले, कुणी बैलगाड्या दिल्या, कुणी सुगीला धान्याची पोती आणून टाकली. ज्या घराने दिलं त्या घरचा कर्ता सभासद झाला. तो थकला किंवा गेला की त्याचा थोरला मुलगा सभासद. मुलगाच नसेल तर भावाचा मुलगा. मुलीचं नाव कुठेच नाही. कुणी मुद्दाम वगळलं असंही नाही, कुणाला ती आठवलीच नाही, आणि याचा मला जास्त संताप येतो. तुम्हांला मी एकटी. म्हणून तुम्ही गेल्यावर तुमची जागा पुतण्याकडे गेली. तो सभेला जातो, अध्यक्ष बघतील तिकडे हात वर करतो, मठ्ठा-जिलबीचं जेवण करून गावी परत जातो. माणूस वाईट नाही. पण तुमच्या नावाने वर जाणारा तो हात बघायला मी सभामंडपाबाहेर, खुर्च्या भाड्याने देणाऱ्याच्या टेंपोशेजारी उभी असते. मी या घरची नाही का? तुमची औषधं, तुमचं दुखणं, शेवटची ती दवाखान्याची धावपळ, तेव्हा पुतण्या कुठे होता?

आणि वर तुमचा तो इंग्लंडचा मवाळ गट! अहो, तुमच्या इतिहासाच्या वर्गात कॉलेजातल्या मुलांना तो तीन तासांत संपवून मिळायचा, आम्ही घरची माणसं वर्षभर ऐकत होतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा टोरी पक्ष. एका बाजूला काहीच हलवायचं नाही म्हणणारे जुने टोरी, समोर बरंच काही हलवू म्हणणारे व्हिग, आणि मधे तुमची लाडकी मंडळी. कॅथलिकांना संसदेत बसू द्या म्हणणारी, व्यापारावरची बंधनं सैल करा म्हणणारी, पण मतदारसंघांची जुनी मांडणी मात्र मोडू नका म्हणणारी. त्यांचा पुढारी मोठा बोलका. तो पंतप्रधान झाला तेव्हा त्याच्याच पक्षातले बडे लोक रुसून बाजूला बसले, आणि चारेक महिन्यांत तो आजारी पडून गेला. हे सांगताना स्वयंपाकघरात पाटावर बसून तुमचा आवाज जड व्हायचा. आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "अहो, दर वर्षी मरतो का हा तुमचा इंग्रज? जेवा आता, गार होतंय." मी हसायचे. तुम्ही दुखावल्यासारखे बघायचात आणि म्हणायचात, "पक्षात राहून पक्ष बदलू पाहणारी माणसं होती ती. बाहेरून दगड मारणं सोपं असतं." तुमचं सगळं तत्त्वज्ञान या दोन वाक्यांत बसतं. तेव्हा मला ते फार थोर वाटायचं.

मनमाडला मामाकडे जायला आपण नाशिक रोडच्या फलाटावर उभे असायचो तेव्हा तर मला त्या मंडळींची भीतीच बसली होती. गाडी दिसली की तुम्ही माझा फ्रॉक मागून धरायचात. "मागे हो बाळ. एवढा मोठा मंत्री, पण रेल्वेखाली सापडला." मग त्या नव्या रेल्वेच्या उद्घाटनाची गोष्ट. पुढारी गेल्यावर गट ज्याने सांभाळला तो हा मंत्री. ज्या सेनापती पंतप्रधानाशी त्याचं बिनसलं होतं तोही त्याच गाडीने निघालेला. वाटेत गाडी थांबली, हा खाली उतरला, दोन शब्द बोलून मिटवावं म्हणून त्याच्या डब्यापाशी गेला, हात मिळवला आणि तेवढ्यात शेजारच्या रुळावरून इंजिन आलं. मला कितीतरी वर्षं वाटत होतं की हे मनमाडलाच झालं. मामाच्या घरी मी मामीला विचारलंही होतं, तो मंत्री कुठल्या फलाटावर मेला? तुम्ही केवढे हसला होतात. तुमचं ते हसणं आठवलं की माझा राग पातळ होतो, म्हणून ते लवकर लिहून टाकलं. आता पुढचं ऐका.

मी अंबडला स्टोअर्समध्ये नुकती लागले होते ते दिवस. बोर्डिंगचे अध्यक्ष तेव्हा आबा. तुम्ही दोघं लहानपणी त्याच बोर्डिंगात एका खोलीत राहिलेले, एका ताटात जेवलेले. कार्यकारिणीत तुम्ही आणि तुमच्या विचाराचे चौघे, सगळे आबांच्याच पॅनेलचे. तुमचं म्हणणं एवढंच होतं की थोरला मुलगा हा शब्द काढून थोरलं अपत्य असा शब्द घाला. मुलींनाही येऊ द्या. आबा नाही कधीच म्हणाले नाहीत. "पुढच्या सभेत घेऊ, सर," म्हणायचे. सभा झाली की पुढची सभा. विरोधी पॅनेलवाले तेव्हाच म्हणत होते की हा वारसाहक्कच मोडा, सगळ्यांना येऊ द्या, तर ते तुम्हांला अजिबात पटत नव्हतं. "दार उघडायचं बाळ, भिंत पाडायची नाही," हे तुमचं वाक्य. त्या वर्षी मात्र आबांनी शब्द दिला होता. ठराव तुम्ही मांडायचा, तुमच्या चौघांपैकी एकाने अनुमोदन द्यायचं. आई तर म्हणाली होती, सभासद झालीस की पहिल्या सभेला माझं जरीचं नेस.

सभेच्या आधी कार्यकारिणीत एक साधा विषय निघाला. एका गावचं घराणं संपलं होतं, त्यांची जागा रिकामी झाली होती. आबांना ती आपल्या सोयऱ्यांच्या गावाला द्यायची होती. तुम्ही पेठकडच्या पालकांना शब्द दिला होता, कारण बोर्डिंगातली निम्मी मुलं तोवर पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवरची झाली होती आणि त्यांच्या बाजूने बोलायला कार्यकारिणीत एक माणूस नव्हता. मतं पडली. तुम्ही आबांच्या समोर बसून आबांच्या विरुद्ध हात वर केलात. हरलात, पण केलात. घरी येऊन सांगितलंत तेव्हा मला तुमचा इतका अभिमान वाटला होता, नाना. तिथेच थांबला असतात तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण आपल्याकडची ती पद्धत! पॅनेलच्या म्होरक्याविरुद्ध गेलेल्या माणसाने त्याच दिवशी राजीनामा लिहून पाठवायचा. दुसऱ्या दिवशी म्होरक्या घरी येणार, चहा घेणार, "काय सर, एवढ्यावरून?" म्हणत कागद टराटरा फाडणार, दोघांचेही डोळे पाणावणार आणि सगळं पहिल्यासारखं सुरू. राजीनामा परत येण्यासाठीच द्यायचा असतो. आबांनी स्वतः तरुणपणी असे किती दिले असतील. तुम्ही संध्याकाळी देवघरासमोरच्या मेजाशी बसून सुवाच्य अक्षरात लिहिलंत, की माझ्यामुळे आपणांस अडचण होत असेल तर माझी जागा मोकळी समजावी. मी म्हटलं, नाना, कशाला हे? तुम्ही म्हणालात, "रीत असते बाळ. उद्या सकाळी आबा येतील, बघ तू." आणि बोर्डिंगच्या आचाऱ्याबरोबर तो कागद दिलात पाठवून.

सकाळी आईने केळं घालून शिरा केला. सोनेरी काठाचे कप फडताळातून काढून धुऊन ठेवले. तुम्ही दाढी करून, परीटघडीचा शर्ट घालून ओट्यावर पेपर घेऊन बसलात. रस्त्यावर स्कूटर वाजली की आई पदर सारखा करून दारात यायची. दूधवाला येतो, गॅसवाला येतो, शेजारचे काका येतात, आबा काही येत नाहीत. मी त्या दिवशी मुद्दाम उशिरा ड्यूटीला जाते असं कळवलं होतं, तीही वेळ निघून चालली. ऊन ओट्यावर आलं तसे तुम्ही खुर्ची सरकवत भिंतीला टेकलात. शेवटी बोर्डिंगचा शिपाई सायकलवर आला आणि एक पाकीट देऊन पाणीसुद्धा न पिता गेला. राजीनामा मंजूर. आजवरच्या सेवेबद्दल आभार. तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि आत येऊन आईला म्हणालात, "शिरा झाकून ठेव." तो शिरा आम्ही दुसऱ्या दिवशीपर्यंत खात होतो, आणि आजही कुणाकडे केळं घातलेला शिरा पुढे आला की माझं तोंड वाकडं होतं.

अहो पण तुम्हांला हे माहीत होतं ना! दुसरा कुणी असता तर मी म्हटलं असतं, फसला बिचारा. तुम्ही तर हेच शिकवत होतात, दर वर्षी, तास घेऊन! तुमचा तोच मंत्री. संसदेतल्या अशाच रिकाम्या झालेल्या जागा, असाच त्या कुणाला द्यायच्या हा वाद. तोही शब्दाला जागून आपल्याच सरकारविरुद्ध मत देतो, आणि मग घरी जाऊन सेनापतीला लिहितो, माझी जागा मोकळी समजा. त्यालाही वाटतं, सेनापती परत बोलावेल. सेनापतीने तो कागद सरळ राजाकडे नेऊन टाकला. मित्र सांगायला गेले की तसा अर्थ नव्हता, गैरसमज झाला, तर सेनापतीने साफ सांगितलं की गैरसमज वगैरे काही नाही आणि होऊही देणार नाही. तुम्ही हे वर्गात ताठ मानेने चालून, हात मागे बांधून करून दाखवायचात. सिन्नरहून, निफाडहून आलेली मुलं पोट धरून हसायची. वरून तुम्ही त्यांना परीक्षेला प्रश्न घालायचात की या राजीनाम्याने गटाचं काय नुकसान झालं, सकारण लिहा. मुलांनी लिहिलेली ती सकारण उत्तरं तपासून तुम्ही मार्क दिलेत, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा तोच कागद, जवळपास त्याच शब्दांत, आचाऱ्याच्या हातात! 

तुम्ही आबांकडे गेलात, समजावून सांगायला. येऊन सगळं सांगितलंत, म्हणून कळलं. आबा म्हणाले, "सर, लिहिलं तुम्हीच ना? आता मी ते फाडलं तर लोक म्हणतील सरांनी नाटक केलं. तुमची अब्रू मी जाऊ देईन होय?" वा रे अब्रूची काळजी. मग तुमच्या चौघांनी निष्ठा म्हणून राजीनामे दिले. तेही मंजूर. सर्वसाधारण सभा भरली तेव्हा मुलींचा ठराव मांडायला कार्यकारिणीत एक माणूस शिल्लक नव्हता. विषयपत्रिकेवर होता, पण कार्यकारिणीचा ठराव कार्यकारिणीतल्यानेच मांडायचा, आणि मांडणारं कुणी नाही म्हणून बारगळला. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात तुमच्यावर ओरडले. म्हटलं, वर्गात शिकवता ते तुम्हांला स्वतःला कधी कळणार? तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "घरात आवाज चढवायचा नाही. तत्त्वाचा प्रश्न होता." नाना, हात वर केलात ते तत्त्व. कागद पाठवलात तो रुसवा. आबांनी येऊन तुम्हांला मनवावं, तुम्ही किती हवे आहात ते चार लोकांत दिसावं, एवढंच होतं ते. त्यापायी माझी जागा गेली. आईने एका शब्दाने तुम्हांला टोचलं नाही. फक्त पुढच्या वर्षी आबांच्या सत्काराचं आमंत्रण आलं आणि तुम्ही जायला निघालात तेव्हा म्हणाली, "जा की. पण रूळ बघून ओलांडा." तुम्ही चप्पल काढून परत आत आलात.

तुमच्या सेनापतीने निदान पुढच्याच वर्षी कॅथलिकांचा कायदा स्वतः करून टाकला, गट बाहेर हाकलून त्याच गटाचं काम केलं. आबांना तेवढीही बुद्धी झाली नाही. आबा गेले, आता त्यांचा मुलगा अध्यक्ष आहे. गोड बोलतो. त्याने एक महिला सल्लागार समिती काढली आणि सरांची मुलगी म्हणून मला तिच्यात घेतलं. मीही गेले. तुमचीच मुलगी मी, मला वाटलं आत राहून काही होईल. इतकी वर्षं त्यांनी आमचा सल्ला घेतला तो गॅदरिंगच्या रांगोळीबद्दल आणि मेसच्या भाजीबद्दल. मी दर सभेत मुलींचा विषय काढायचे आणि तो दर वेळी म्हणायचा, "घेऊ ताई, पुढच्या वेळी." बापाचा तोच सूर. दिवाळीनंतर आमच्यातली एक म्हणाली, "ताई, आपण सगळ्या राजीनामे देऊन टाकू. येतीलच की मनवायला." मी अशी काही खेकसले तिच्यावर, की ती घाबरून पाणी प्यायला उठली. नंतर तिची समजूत काढली. तिला काय माहीत, मी कुणावर खेकसले.

मग अध्यक्षाने मला घरी बोलावलं. म्हणाला, "ताई, या सभेला आपण एक ठराव आणतोय. ज्या सभासदाला मुलगा नाही, त्याची मुलगी सभासद. तुमचं काम होतंय ना? एवढं आत्ता पदरात पाडून घ्या, बाकीच्या मुलींचं बघू पुढे." माझं काम होत होतं, नाना. पुतण्याकडून तुमची जागा सरळ माझ्याकडे येणार होती. त्याच आठवड्यात विरोधी पॅनेलच्या बाजूचे मास्तर माझ्याकडे आले. पेठकडचे, लहानपणी बोर्डिंगात राहिलेले, हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. विरोधी पॅनेलच्या सभासदांमार्फत ते आणत होते तो ठराव वेगळाच होता. वारसाहक्क बंद. जो मुलगा किंवा जी मुलगी बोर्डिंगात राहून शिकली, ती सभासद. मुलींची इमारत होऊनही आता बरीच वर्षं झाली, तिथून शिकून गेलेल्या पोरी नर्स झाल्या, तलाठी झाल्या, शिक्षिका झाल्या, त्या सगळ्या येणार. मास्तर म्हणाले, "बाई, तुमच्या नानांनी आमच्यासाठी हात वर केला, ते आम्ही विसरलेलो नाही. समितीतल्या बायांनी घरच्या सभासदांना सांगितलं तर पारडं फिरेल. त्यांना तुम्ही सांगा." मी विचारलं, मग नानांच्या जागेचं काय? "जाईल. सगळ्यांच्याच जातील." आणि मी? मी तर बोर्डिंगात कधी राहिले नाही, मी नाशकातच, आईवडिलांच्या घरी राहिले. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुम्ही कुठंच नाही, बाई. फिरवून कशाला सांगू?"

दोन दिवस मी घरात धुसफुसत होते. भांडी आपटली, कामवालीला उगाच बोलले. अध्यक्षाच्या ठरावात मुलगी येत होती ती केवळ मुलगा नाही म्हणून, फाटलं तिथे ठिगळ लावावं तशी. ज्या मुलीला भाऊ आहे तिने काय करायचं? आणि ते पुढे म्हणजे कधी? मला तुमच्या तोंडून ऐकलेल्या सगळ्या पुढच्या सभा आठवल्या. तुमच्या गटाचंही शेवटी काय झालं ते तुम्ही आम्हांला धड कधी सांगितलंच नाहीत, जेवण संपत आलं म्हणून उरकायचात. उरलेली माणसं पलीकडे जाऊन व्हिगांच्या शेजारी बसली आणि ज्या मतदारसंघांना हात लावू नका म्हणत आयुष्य गेलं, तेच मोडायच्या कामाला लागली. मला हे तुमच्या माघारी, तुमचीच पुस्तकं आवरताना वाचून कळलं. तुम्हांला तो शेवट लाजिरवाणा वाटायचा का हो? मला तरी तेवढंच त्यांच्या हातून शहाणपणाचं झालेलं दिसतं.

मी समितीतल्या बायकांना एकेक करून फोन लावले. तुमच्या पुतण्याला घरी बोलावलं आणि सांगितलं, रविवारी मास्तरांच्या ठरावाला हात वर करायचा. तो म्हणाला, "अक्का, मी तर बोर्डिंगात राह्यलेला हाय. माझं काय बी जात नाय, माझी जागा मला ऱ्हाणारच. जातंय ते तुझं. अध्यक्षांच्या ठरावात तुला नानांची जागा भेटती ना?" मी म्हटलं, भेटते. "मंग?" मी म्हटलं, मग काही नाही, हात वर कर. त्याने डोकं खाजवलं. "तू बी नानांसारखीच हाय," म्हणाला. मी म्हटलं, मेल्या, बिलकूल नाही, मी कुणाला कागद लिहिलेला नाही.

रविवारी सभा झाली. मी नेहमीसारखी मंडपाच्या कडेला, टेंपोशेजारी. अध्यक्ष गोड बोलले, मास्तर खणखणीत बोलले, आरडाओरडा झाला, माइक बंद पडला, पुन्हा लागला. आधी मास्तरांचा ठराव मताला टाकला. हात वर गेले आणि दोघं जण रांगांमधून मोजत फिरू लागले. पुतण्याने हात वर केला होता, अगदी शाळेत करतात तसा ताठ, आणि मान वळवून माझ्याकडे बघत होता. ठराव पास झाला. तिकडे मागे पेठ-सुरगाण्याच्या पोरी उभ्या होत्या, त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. अध्यक्ष उठून निघून गेले. मी टाळ्या वाजवल्या, मास्तरांना जिलबी भरवली, सगळं केलं.

आता कुठल्याही कागदावर तुमच्यामागे तुमचं माणूस म्हणून कुणी असणार नाही, मी तर नाहीच. हे सांगायला लिहायला बसले होते, पण पाकीट आणून त्यावर पत्ता काय घालणार? वाचायला कुणी नाही म्हणूनच एक गोष्ट लिहिते, जी मी मास्तरांना सांगितली नाही आणि पुतण्याला तर कधीच सांगणार नाही. ते हात मोजत होते ना, तेवढा वेळ मी टेंपोची कडी घट्ट धरून उभी होते, आणि मनातल्या मनात एकच म्हणत होते, पडू दे, देवा, हा ठराव पडू दे. मला तुमची जागा हवी होती, नाना.